मास्तरांनी न सोडलेली गाडी

मास्तरांच्या खुर्चीची गोष्ट मी लग्नाच्या मांडवात सांगितली आहे, निरोपसमारंभात सांगितली आहे, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघताना शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितली आहे. लोक हसतात. हसणारे मिळाले की सांगणारा चेकाळतो आणि गोष्ट दर वेळी थोडी आणखी गमतीदार होते. माझ्या तोंडून मास्तर इतके गमतीदार होऊन बसले, की ते खरे कसे होते हे सोलापुरात आता त्यांची मुलगी आणि मी सोडून कोणाला ठाऊक नाही. मुलीला अर्धंच ठाऊक आहे.

गोष्ट अशी. आमची एखादी मालगाडी वाटेतल्या स्टेशनात अडकली, की मास्तर मोटारसायकलला घडीची खुर्ची बांधून तिथे जायचे. फलाटाच्या टोकाला, गाडीकडे तोंड करून बसायचे. डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायचे. गाडी हलेपर्यंत उठायचे नाहीत. आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "उभ्या गाडीला एकटं सोडू नये. भूक लई असते तिला." मग गाडीशी दोन शब्द कानडीत बोलायचे. कानडीत का, तर मराठीत सांगून कोणी ऐकत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

इथे लोक हसतात, आणि मी थांबतो. थांबायला नको होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. रेल्वेत स्टेशनमास्तर होते, निवृत्त झाल्यावर आमच्या कंपनीत गाड्या हलवायचं काम बघायला आले. कंपनी खासगी. उजनीकाठच्या गावांतली केळी थंड कंटेनरात भरून आगगाडीने बंदरावर न्यायची, तिथून ती जहाजाने आखातात जायची. रूळ रेल्वेचे, इंजिन रेल्वेचं, ड्रायव्हर रेल्वेचा. वाघिणी, कंटेनर आणि तोटा आमचा. हे वाक्य मास्तरांचं; मालडब्यांना ते रेल्वेच्या जुन्या शब्दाने वाघिणी म्हणायचे. मी माल मिळवायचा आणि पैसे वसूल करायचे, म्हणून ते मला माझ्या नावाने कधी हाक मारायचे नाहीत. कमर्शियल म्हणायचे. फोन उचलला की हॅलोच्या जागी, "बोला कमर्शियल, कुठं उभे आहात?" सगळ्यांनाच ते हे विचारायचे. जावयालासुद्धा.

अंगाने बारीक, खांद्यावर कायम सोलापुरी टॉवेल. ऑफिसात भिंतीवर एक फळा होता. कोणती गाडी कुठे आहे ते त्यावर खडूने लिहायचे आणि रोज सकाळी आल्या आल्या टॉवेलने पुसून टाकायचे. त्याच टॉवेलने मग कपाळ पुसायचे. त्यामुळे त्यांच्या कपाळावर विभूती कोणती आणि खडू कोणता, हे ऑफिसात कोणालाच सांगता यायचं नाही. मी एकदा म्हणालो, मास्तर, कालचं कुठेतरी लिहून ठेवत जा, उद्या कोणी विचारलं तर? ते म्हणाले, कालची गाडी काल गेली, तिचं काय घेऊन बसलात. कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. डोक्यावर होता. पंधरवड्यापूर्वीची कोणती गाडी कोणत्या स्टेशनात कशापायी थांबली, हे ते भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगायचे आणि ते कधी चुकल्याचं मी पाहिलं नाही.

बाकी माणूस सोपा नव्हता. रांगेत उभं राहायचे नाहीत. बँकेत गर्दी दिसली की उलट्या पावली चहाला जायचे आणि दुसऱ्या दिवशी यायचे. लग्नात पहिल्या पंगतीला बसायचे नाहीत. शेवटच्या पंगतीपर्यंत जिलेबी संपलेली असायची, मग रागवायचे. गिऱ्हाइकांशी तर फार वाईट बोलायचे. कंदरकडचा एक बागायतदार एकदा साइडिंगवर, म्हणजे माल भरायच्या आमच्या रुळांवर, तावातावाने आला. माल भरून झालाय, गाडी अजून साइडिंगलाच का? मास्तर म्हणाले, पुढं जाऊन उन्हात उभी राहण्यापरीस हितं सावलीत उभी राहू दे की. तो म्हणाला, "आवो पण निघाली म्हंजी निघाली वाटतंय तरी." मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा कमर्शियल, तुमचा भाऊ आला."

खरंच होतं ते. साइडिंगमधून गाडी निघाली की मला ती निघाली असंच वाटायचं. पुण्यात बसणाऱ्या मालकांनाही तसंच वाटायचं. महिन्यात किती गाड्या निघाल्या, एवढंच ते विचारायचे. निघालेली गाडी पुढच्या स्टेशनात बाजूच्या लाइनीवर दिवसभर उभी आहे, हे कोणी विचारायचं नाही. मास्तर तेवढंच सांगायचे.

त्यांचं म्हणणं साधं होतं, आणि ते मला पहिल्याच वर्षी पटलं होतं. हेही लिहून ठेवतो, कारण नंतर मी कळलं नसल्यासारखा वागलो. आमच्या भागात तेव्हा बऱ्याच ठिकाणी एकच लाइन होती, शेजारी दुसरी टाकायचं काम चाललं होतं. मेल, एक्स्प्रेस, कोळसा, सिमेंट, सगळं त्या एका लाइनीवर. आमची गाडी सगळ्यात शेवटी. ती उभी राहिली की वाघिणींचं भाडं थांबत नाही. कंटेनर थंड ठेवायला जनरेटर लागतात, ते उभ्या गाडीतही डिझेल पितात. उन्हाळ्यात जास्तच पितात. जहाज चुकलं तर बंदरात कंटेनर पडून राहतो, त्याचं वेगळं. आणि जायला दुप्पट वेळ लागला की तेवढ्याच वाघिणींत निम्म्या फेऱ्या होतात. मग मालक म्हणणार, आणखी वाघिणी घेऊ. आणखी वाघिणी म्हणजे त्याच लाइनीवर आणखी गाड्या, म्हणजे प्रत्येक गाडी आणखी उशिरा. मास्तर म्हणायचे, गाड्या कमी करा, जागा बघून सोडा, फेऱ्या तेवढ्याच होतील आणि डिझेल वाचेल. नफा वाढवायला गाड्या कमी करा म्हणणारा माणूस कोणत्या मालकाला आवडणार?

मालकांना समजवायचा त्यांनी एकदा प्रयत्न केला, तोही त्यांच्याच पद्धतीने. मालक नव्या वाघिणींचं ठरवायला सोलापुरात आले होते. मास्तर म्हणाले, साहेब, माझ्या घरी चहाला चला. मास्तरांचं घर भवानी पेठेत. भर बाजाराच्या वेळी त्यांनी मालकांची मोठी गाडी त्या गल्लीत घालायला लावली. पुढे चादरींचे गठ्ठे उतरवणारा टेम्पो, मागे भाजीची हातगाडी, बाजूला कोणाची तरी म्हैस. गाडी पुढे जाईना की मागे येईना. ड्रायव्हरने एसी बंद करायला हात नेला, तर मास्तर पुढच्या सीटवरून म्हणाले, चालू राहू दे, केळ्यांना पण लागतो. बराच वेळ गेला. मालक सारखे घड्याळ बघत होते. मग मास्तर मागे वळले आणि फार सभ्यपणे म्हणाले, "साहेब, पेट्रोल जळतंय, वेळ जातोय, आणि आपण हाय तितंच हाय. आता सांगा, मागनं आपलीच आणखी एक गाडी बोलावू का?"

मी मागच्या सीटवर मालकांच्या शेजारी होतो. हसू दाबत होतो. मालकांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी मान हलवली, म्हाताऱ्याचं डोकं जरा सरकलंय अशा अर्थाने. ते मान हलवणं मला आज त्या सगळ्या प्रकारातलं सर्वांत खोटं वाटतं. वाघिणी घेतल्या गेल्या. गल्लीची गोष्ट मात्र माझ्या संग्रहात जमा झाली. म्हैस मी नंतर घातली, हे आत्ता कबूल करतो. म्हैस नव्हती.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो.

चैत्र संपत आला होता, ऊन असह्य. महिनाअखेर होती आणि त्या महिन्यात आमच्या गाड्या कमी निघाल्या होत्या. मालक रोज मला फोन करून बोलत होते. साइडिंगमध्ये एक गाडी केळी भरून तयार होती. बंदरावरून आमचीच रिकामी गाडी परत येत होती. पुढच्या स्टेशनात गाडी बाजूला घ्यायच्या लाइनी एरवी दोन. त्यातली एक दुहेरीकरणाच्या कामासाठी उखडलेली. म्हणजे बाजूला उभं राहायला एकच जागा. मास्तर सकाळी म्हणाले, रिकामीला त्या जागेत येऊ द्या, एक्स्प्रेस जाऊ द्या, मग रिकामी आपल्या साइडिंगमध्ये शिरेल, ती शिरल्यावर भरलेली सोडू. फळ्यावर भरलेल्या गाडीसमोर त्यांनी 'धरा' लिहिलं. त्यांना ताप होता. टॉवेल डोक्याला गुंडाळला होता. दुपारी अंग फणफणलं तेव्हा मीच त्यांना रिक्षात बसवून घरी पाठवलं.

आमच्याकडे रीत अशी होती, की गाडी तयार असल्याचा निरोप रेल्वेला मास्तरांच्याच नावाने जायचा. ते रजेवर असले तरी. रेल्वेवाले त्यांचं नाव ओळखत होते, त्या नावाने निरोप गेला की इंजिन लवकर मिळायचं. निरोप खरा कोणी दिला, हे कोणी विचारायचं नाही. आम्हाला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

मास्तर घरी गेल्यावर मालकांचा पुन्हा फोन आला. मग मी मास्तरांना फोन केला. हे खरं, फोन मी केला होता. फोन मुलीने उचलून त्यांना दिला. आवाज खोल गेला होता. मी म्हणालो, मास्तर, सोडतो गाडी, मालक ऐकत नाहीत. ते म्हणाले, "धरा, कमर्शियल. आज लाइन गच्च हाय. रिकामी आत येऊ दे, मग सोडा. माझं ऐका की एवढं." मी बरं म्हणालो. फोन ठेवला आणि मास्तरांच्या नावाने निरोप पाठवला.

संध्याकाळच्या आत गाडी निघाली. मालकांना कळवलं. शाब्बास म्हणाले.

ती पुढच्या स्टेशनात गेली आणि त्या एकुलत्या जागेत उभी राहिली. रिकामीला आता तिथे जागा नव्हती, म्हणून ती पलीकडच्या स्टेशनात बाजूला घेतली. त्या स्टेशनातही बाजूची मोकळी लाइन एकच, ती रिकामीने अडवली, म्हणून भरलेलीला पुढे सरकता येईना. मधून एक्स्प्रेसवर एक्स्प्रेस. आमच्याच दोन गाड्या एकमेकींची वाट अडवून, एकमेकींपासून काही मैलांवर, दुसऱ्या दिवशीचं ऊन मावळेपर्यंत उभ्या. ड्रायव्हरच्या कामाचे तास भरले, तो उतरून गेला, दुसरा लवकर मिळेना. जनरेटरात डिझेल ठरल्या प्रवासाला पुरेल एवढंच आणि थोडं वर. मोडनिंबच्या पंपावरून पिकअपमध्ये डिझेल आणलं, पण खणलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांवरून कॅन हातात घेऊन न्यावे लागले. काही जनरेटरांपर्यंत पोचलो, काही आधीच बंद पडले होते. मी तिथे होतो. फलाटाच्या टोकाला खुर्ची नव्हती, हे मला तेव्हाही जाणवलं.

परदेशी जाणारं केळं हिरवं कच्चं असावं लागतं. बंदरावर दारं उघडली तेव्हा आत ते पिवळं झालं होतं. तो वास ज्याने घेतलाय त्यालाच कळेल. जहाज तर आधीच गेलं होतं.

मालक सोलापुरात आले. केबिनमध्ये ते, मी आणि मास्तर. मास्तरांचा ताप नुकताच उतरला होता, मान टॉवेलमध्ये बुडालेली. फळा पुसलेला. तो त्यांनीच, सवयीने, आल्या आल्या पुसला होता. मी ते दारातून पाहिलं होतं. मालकांनी विचारलं, गाडी सोडा असं कोण म्हणालं? निरोप मास्तरांच्या नावाने आहे.

मी म्हणालो, "मी मास्तरांना फोन केला होता. सोडा म्हणाले."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. एखादा हिशेब जुळत नसला की ते फळ्याकडे पाहायचे, तसं पाहिलं.

"मी म्हणालो?"

"हो मास्तर. तुम्हीच म्हणालात."

त्यांनी टॉवेलने कपाळ पुसलं. मग म्हणाले, "तापात होतो. म्हणालो असेन." आणि मालकांकडे वळून, "साहेब, मग चूक माझीच की."

त्याच दिवशी ते नोकरी सोडून गेले. खुर्ची न्यायची राहिली. ती पुढे मी गोष्ट सांगताना दाखवायचो. पुढल्या मोसमात केळी ट्रकने जायला लागली आणि कंपनीने सोलापूरचं ऑफिस बंद केलं. नव्या वाघिणी कोणी तरी स्वस्तात उचलल्या. माझी नोकरी पुण्यात टिकली, निवृत्त होऊन मी सन्मानाने परत आलो.

मला वाटायचं, मास्तर मनात मला ओळखून असतील. खोटं कळलं असेल आणि मोठेपणाने गिळलं असेल. या समजुतीवर मी काही वर्षं बरा झोपलो. दिवाळीला पेढे घेऊन त्यांच्याकडे जायचो. एकदा मुलगी मला जिन्यात थांबवून हळूच म्हणाली, काका, बाबांना जरा समजावा. गॅस बंद केला का ते परत परत विचारतात. जेवले की नाही हे मला विचारून खात्री करून घेतात. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही नाही म्हणतात. बाबा म्हणतात, डॉक्टरला काय कळतंय.

वर गेलो तर मास्तर खिडकीशी बसले होते. कपाळावर विभूती, नुसती विभूती, खडू नाही. मी विचारलं, हे काय चाललंय तुमचं? ते म्हणाले, "डोकं दगा देतंय, कमर्शियल. त्या गाडीपास्नं. खरं सांगू? मला आठवतंय की मी 'धरा' म्हणालो. आत्ता फोन ठेवल्यासारखं आठवतंय. पण फोनवर पलीकडं तुम्ही होता, तुम्ही 'सोडा' ऐकलंत. म्हणजे मला इतकं स्पष्ट आठवतंय तेपण खरं नसतं. मग बाकीच्याचा काय भरवसा?"

मी पेढे ठेवले आणि निघून आलो. त्या दिवशीही बोललो नाही.

त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतंच, फक्त डोकं होतं. कागद ठेवला असता तर कागदाने त्यांना वाचवलं असतं. माझ्या एका वाक्याने त्यांची नोकरी गेली, एवढंच मी मोजत होतो. तिकडे ते रोज सकाळी उठून स्वतःवर अविश्वास ठेवत होते.

गेल्या महिन्यात गेलो आणि सांगितलं. सगळं; मालकांचा फोन, निरोप, केबिन. मुलगी कामावर गेली होती, दोघेच होतो. मास्तर, तुम्ही 'धरा' म्हणाला होता, तुमचं बरोबर होतं, मी खोटं बोललो.

मास्तरांनी माझा हात हातात घेतला आणि थोपटला. म्हणाले, "पोरीनं सांगितलं न्हवं तुमाला असं बोलायला? लई जीव लावता तुम्ही दोघं." मी शपथ घेतली. ते हसले. माझीच समजूत घालत म्हणाले, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेऊ नका, कमर्शियल. तुम्ही असं करणाऱ्यातले न्हाय.

मी किती सांगितलं तरी ते हसतच राहिले. गोष्टी मी रंगवून सांगतो, हे त्यांनाही ठाऊक होतं.

आता आमच्या भागात दुसरी लाइन झाली आहे. तिच्यावरही गाड्या उभ्या असतात, येता-जाता दिसतात. मास्तरांना सांगितलं, तर त्यांनी कुठं उभ्या आहेत तेसुद्धा विचारलं नाही.

निघताना ते मला सोडायला खाली आले. समोरच्या टपरीवर चहा घेऊ म्हणाले. उंबऱ्याशी येऊन थांबले आणि माझ्या बाहीला धरलं. ज्या माणसाने सगळं आयुष्य कोणी कधी निघायचं हे ठरवण्यात घालवलं, तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"तुम्ही सांगा, कमर्शियल," ते म्हणाले. "तुम्ही म्हणाल तेव्हा निघू."

दुपारची वेळ होती. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी होती.